भूचुंबकीय वादळाचा अंदाज वाचताना या चुका टाळा

सूर्यावर एक्स वर्गाची, म्हणजे सर्वांत तीव्र गटातली, ज्वाला भडकली की ‘पृथ्वीवर वादळ धडकणार’ अशा बातम्या सुरू होतात. पहिली चूक इथेच. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोहोचतात आणि दिवस असलेल्या बाजूचा शॉर्टवेव्ह रेडिओ बिघडवतात, बस्स. भूचुंबकीय वादळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली मोठी खळबळ, आणतो तो सीएमई, म्हणजे सूर्यातून सुटलेला चुंबकित प्लाझ्माचा लोट. त्याला यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये २१९२ क्रमांकाच्या अवाढव्य डागसमूहाने सहा एक्स ज्वाला सोडल्या, पण त्यांतल्या एकीसोबतही मोठा लोट निघाला नाही. म्हणून कोरोनाग्राफची, म्हणजे सूर्याची तबकडी झाकून भोवतालचं टिपणाऱ्या दुर्बिणीची, चित्रं पाहा. तिथेही फसगत होते: सूर्याभोवती पूर्ण कडं दिसलं, तरी लोट आपल्याकडे येतोय की पलीकडच्या बाजूने दूर चाललाय, हे त्या एका चित्रावरून ठरत नाही.

लोट येण्याची वेळ रेल्वेच्या वेळापत्रकासारखी धरू नका. दहा-बारा तास इकडेतिकडे होणं नेहमीचंच. शिवाय वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, हे निम्मे लोक विसरतात.

‘जी३ सांगितलं होतं, काहीच झालं नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त येते. (वादळाची तीव्रता जी१ ते जी५ अशी मोजतात; जी५ सर्वांत तीव्र.) अशा वेळी बीझेड पाहा, म्हणजे सौरवाताच्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. तो उणे, म्हणजे दक्षिणेकडे, असेल तरच पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडणी होऊन ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे राहिला, तर वेगवान लोटही फारसं काही न करता निघून जातो. अडचण अशी, की ही दिशा सूर्याकडे पाहून खात्रीने कळत नाही. लोट पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूपाशी असलेल्या यानांवरून गेला, की मगच ती मोजता येते आणि हातात उरतो जेमतेम १५ ते ६० मिनिटांचा वेळ. पहिल्या तासात बीझेड धन, म्हणजे उत्तरेकडे, दिसला म्हणून मात्र लक्ष ठेवणं सोडू नका. लोटाचा गाभा मागून येतो आणि दिशा पालटू शकते.

केपी हा भूचुंबकीय हालचालीचा तीन तासांचा जागतिक निर्देशांक आहे. या क्षणी काय चाललंय, हे त्याला विचारू नये.

आणि जी१ला ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नका. फेब्रुवारी २०२२ मधल्या अशाच लहान वादळाने वरचं वातावरण तापून फुगलं, घर्षण वाढलं आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गमवावे लागले.