मुलं रात्री झोपतच नाहीत? मग या चुका टाळा

रात्रीचे साडेदहा वाजलेत, दिवे बंद, तुम्ही अर्धा तास थोपटताय, हात दुखायला लागलाय आणि अंधारातून प्रश्न येतो, "आई, डायनासोर मेले तेव्हा त्यांना पुरलं कोणी?" हे वाचून ज्यांना हसूसुद्धा आलं नाही ना, त्यांच्यासाठीच लिहितेय.

आमच्याकडे जवळजवळ दोन वर्षं रोज हाच तमाशा. आधी थोपटायचं, मग गाणी, मग ओरडायचं, मग ओरडल्याचं वाईट वाटून परत थोपटायचं आणि शेवटी माझाच डोळा लागायचा, लेक टक्क जागी. खूप उशिरा डोक्यात प्रकाश पडला की घोळ साडेदहाचा नव्हताच. सकाळी कितीला उठली, दुपारी कधी आणि किती झोपली तिथेच तो झालेला असायचा, आणि मी मात्र रात्री येऊन भांडत बसायचे. म्हणून तुमच्याकडेही हेच चाललं असेल तर रात्रीचं सोडा, सकाळपासून तपासायला लागा.

"दमू दे अजून, मग पटकन झोपेल"

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. मूल प्रमाणाबाहेर दमलं की गळून पडत नाही, उलट चेकाळतं. शरीर जागं राहण्यासाठी जोर लावतं, मग गादीवर उड्या, उगाच खिदळणं, दोन मिनिटांत रडारड, आणि आपण म्हणतो बघा अजून किती एनर्जी आहे याच्यात! तर ती एनर्जी नसते हो, झोपेची वेळ टळून गेलेली असते. त्याच्या थोडं आधी डोळे चोळणं, एकटक बघत बसणं, खेळता खेळता अचानक गप्प होणं असं काहीतरी दिसतं, त्या वेळी अंथरुणात असायला हवं. चार दिवस नुसतं घड्याळ बघून लिहून ठेवा हे कितीला होतं ते, बहुतेक वेळा रोज त्याच सुमाराला होतं.

आणि याच्या उलट चूक, जी मी केली

कुठेतरी वाचलं की मुलांनी लवकर झोपावं, म्हणून मी साडेसातलाच गादी घातली. झोप लागायची साडेनऊला. म्हणजे रोज दोन तास लेकीने अंथरुणात पडून एवढंच शिकायचं की अंथरूण ही कंटाळायची आणि आईशी वाद घालायची जागा आहे.

हिशोब आधी करायला हवा होता. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली वयानुसार तास सांगितलेत: ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६, १ ते २ वर्षांना ११ ते १४, ३ ते ५ वर्षांना १० ते १३, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. पाच वर्षांपर्यंतच्या आकड्यांत दुपारची झोपही धरलेली आहे, आणि हेच नेमकं सगळे विसरतात. समजा चार वर्षांचं पोर दुपारी दीड तास झोपतं आणि त्याला एकूण अकरा तास पुरतात, तर रात्रीचे राहिले साडेनऊ. सकाळी सातला उठायचं असेल तर झोप लागायची वेळ साडेनऊ. साडेसातला झोपवलं तर ते जागंच राहणार, त्यात त्याची काय चूक?

उपाय जरा उलटा वाटेल. पहिले काही दिवस मूल खरंच ज्या वेळेला झोपतं त्याच वेळेला अंथरुणात न्या, म्हणजे पडल्यावर १५-२० मिनिटांत झोप लागायला लागते. मग दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. उठायची वेळ मात्र एकच, रात्री कितीही उशीर झाला तरी, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर इकडेतिकडे. रविवारी दहापर्यंत लोळू द्यायचं आणि रात्री नऊला झोप म्हणायचं, हे आपल्यालाही जमत नाही.

दुपारच्या झोपेबद्दल थोडक्यात: संध्याकाळी साडेपाच-सहाला गाडीत लागलेली वीस मिनिटांची डुलकी रात्रीचा तास खाते. मात्र म्हणून दुपारची झोप एकदम बंद करू नका. ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान ती बहुतेकांची आपोआप सुटते, तोवर तासाभराने उठवा आणि लवकर संपवा.

उजेड

झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे त्यावर लेक्चर देत नाही. पण एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. आम्ही मोबाईल बंद करायचो, दिवे मंद करायचो आणि मग दात घासायला नेऊन बाथरूमचा पांढराफेक दिवा थेट तोंडावर! झोप आणणारं मेलाटोनिन अंधार पडला की वाढतं, प्रखर उजेडाने दबतं, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त उजेड शिरतो. आता दात आधी घासून होतात, गोष्ट नंतर. आणि सकाळी उठल्या उठल्या पडदे उघडून उजेड येऊ द्या, शरीराचं घड्याळ तिथून लागतं.

"नाही" म्हणायचं आणि दहाव्या वेळी "बरं" म्हणायचं

पाणी हवंय. शू आली. उशी गरम झाली. अजून एक पापी. नऊ वेळा नाही म्हणून दहाव्यांदा हो म्हटलं की मूल काय शिकतं? दहा वेळा मागायचं असतं. आणि ज्या दिवशी तुम्ही ठाम राहता त्या दिवसापासून पहिले काही दिवस मागणं आणि रडणं आणखी वाढतं, तिथेच बहुतेकजण हात टेकतात आणि मग पुढच्या वेळी पंधरा वेळा.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आमच्याकडे चाललेली युक्ती म्हणजे कार्ड. पुठ्ठ्याचं एक कार्ड, तिनेच रंगवलेलं, ते दिलं की रात्री एकदा उठता येणार, पाणी, मिठी, काहीही. कार्ड गेलं की संपलं, मग उठली तर न बोलता, न चिडता परत अंथरुणात. कार्ड वाचलं तर सकाळी एक स्टिकर. पहिले तीन दिवस कार्ड पाच मिनिटांत संपायचं, नंतर ती ते उशीखाली साठवायला लागली.

"झोप नाहीतर बागुलबुवा येईल" हे मात्र अजिबात नको. अंधाराची भीती या वयात तशीही असते, आपण कशाला तिला नाव आणि तोंड देतोय? आणि शिक्षा म्हणून "जा, झोप जाऊन" हेही नको.

बाबा नऊला घरी येतात आणि मग उड्या, गुदगुल्या, घोडा घोडा. यावरून घराघरात भांडणं होतात, पण बाबांनाही मूल दिवसभरात तेवढंच भेटतं ना. दंगा सकाळी हलवा आणि रात्रीची गोष्ट बाबांकडे द्या, आमचं भांडण तिथे मिटलं. आजी-आजोबा असतील तर त्यांनाही क्रम सांगून ठेवा, कारण मुलाला वेळ कळत नाही, क्रम कळतो: दात, कपडे, गोष्ट, दिवा.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर वरचे बरेचसे नियम लागू नाहीत. रात्री उठणं त्या वयात नॉर्मल आहे, त्याला वळण लावायच्या मागे लागू नका. तिथे फक्त एक पक्कं, उताणं झोपवायचं, सपाट घट्ट गादीवर, आणि उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काही नको.

आणि टीनएजर? तो "आळशी" नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. त्याला नऊला झोप लागणार नाहीच, त्यापेक्षा फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा (तुमचाही लावा, नाहीतर ऐकणार नाही).

किंचाळून उठतं, पण ओळखतच नाही

झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठून बसतं, डोळे उघडे, घामाघूम, तुम्हाला ढकलतं, आणि सकाळी काहीच आठवत नाही. बघताना जीव अर्धा होतो, पण हे वाईट स्वप्न नाही, मूल गाढ झोपेतच असतं. हलवून जागं करू नका, लागणार नाही एवढं बघा आणि शेजारी बसा, काही मिनिटांत शांत होतं. झोप अपुरी झाली की हे वाढतं. खरं वाईट स्वप्न बहुतेक पहाटेकडे पडतं, त्यात मूल पूर्ण जागं होतं, सगळं सांगतं, आणि तेव्हा जवळ घेणंच बरोबर.

काही गोष्टी मात्र रूटीनने सुटत नाहीत. आठवड्यातून तीन-चार रात्री घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखा होणं, तोंड उघडं टाकून झोपणं, यामागे वाढलेले टॉन्सिल्स किंवा ॲडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) असू शकतात. पाय सतत हलवत राहणं, पायात कसंतरी होतंय म्हणणं, यात शरीरात लोह कमी असू शकतं. मेलाटोनिनच्या गोळ्या किंवा गमीज स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि डॉक्टरकडे जाण्याआधी मुलाच्या घोरण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसेल असा, कारण दवाखान्यात मूल जागंच असतं आणि आपल्याला तो आवाज नुसता तोंडाने काढून दाखवता येत नाही.