माळ्यावर जाणारा सागवानी जिना आणि लोखंडी गजांचा कठडा कसा करून घ्यायचा

आमच्या कोकणातल्या घराला माळा आहे पण वर जायला नुसती शिडी होती, आणि आई साठीच्या पुढे गेल्यावर ती शिडी चढायला लागली की खाली उभ्या असलेल्यांचाच जीव वरखाली व्हायचा. म्हणून पाऊस संपल्या संपल्या सुतारकाकांना बोलावलं आणि ठरवलं, पायऱ्या लाकडाच्या, कठडा लोखंडी गजांचा. मी सुतार नाही, पण पूर्ण वेळ बाजूला उभा होतो, भोकं मारली, चुकापण केल्या, तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी माप. इथेच मी माती खाल्ली. उंची मोजायची ती खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार जमिनीपर्यंत, आणि खाली तेव्हा लादी बसायची होती, नुसता कोबा होता, मी उत्साहात ११४ इंच मोजून दिलं. मसाला धरून लादी २ इंच वर आली, खरी उंची निघाली ११२. तोपर्यंत जिन्याच्या बाजूच्या, म्हणजे पायऱ्या जिच्यावर बसतात त्या, १६ फुटी सागाच्या फळीला खाचा मारून झाल्या होत्या. ती खालून दोन इंच कापली असती तर पहिली पायरी पाच इंचांची आणि बाकीच्या सातच्या, म्हणजे रोज कोणीतरी अडखळणार, कारण पायाला पहिल्या दोन पायऱ्यांत जी सवय लागते तीच तो पुढे धरून चालतो. ती फळी गेली. आता तिचे तुकडे स्वयंपाकघरात शेल्फ म्हणून आहेत, महागडं शेल्फ.

हिशोब सोपा आहे. पायरीची उंची दोनदा आणि पाय ठेवायची खोली एकदा, बेरीज २४-२५ इंच आली की चढायला बरं वाटतं. आमचं ११२ भागिले १६, बरोबर ७ इंच उंची, खोली १०. उंच्या १६ पण फळ्या १५च लागतात, सोळावं पाऊल थेट माळ्यावर पडतं. १५ गुणिले १० म्हणजे जिना जमिनीवर साडेबारा फूट जागा खातो, तेवढी आहे का ते आधी बघा, नसेल तर मध्ये वळण घ्यावं लागेल आणि तो वेगळाच खेळ. वरचं भोकही लांब लागतं, डोक्यावर ७ फूट मोकळे पाहिजेत, माळ्याची जाडी ६ इंच, म्हणजे ९० इंच, त्याला ७ ने भागलं की १३ पायऱ्यांवरचं छत उघडं हवं, जवळजवळ ११ फूट. आम्हाला एक आडवी तुळई सरकवून घ्यावी लागली.

काकांनी कागदावर काही केलं नाही, एक सरळ पट्टी भिंतीला उभी धरली आणि तिच्यावर १६ खुणा मारल्या, सगळ्या सारख्या येईपर्यंत पुसल्या आणि परत मारल्या. मग प्लायचा त्रिकोणी साचा, ७ बाय १०, तो फळीवर सरकवत खुणा. गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीने, प्रत्येक वेळी वेगळं माप घेत बसलात तर अर्धा अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चुकत शेवटी इंचभर फरक पडतो.

लाकूड जुन्या पाडलेल्या घरातलं घेतलं, मुरलेलं असतं, पुढे वाकत नाही. पण रंध्याच्या मशीनला द्यायच्या आधी लोहचुंबक फिरवा, आमच्या एका फळीत आत तुटलेले चार खिळे निघाले, पातं गेलं असतं. बाजूच्या दोन फळ्या २ इंच जाड १२ रुंद, पायऱ्या दीड इंच जाड, ११ रुंद, ३ फूट लांब, दोन पायऱ्यांमधल्या उभ्या फळ्या इंचभर जाड, हँडरेल आणि दोन खांब धरून साडेचौदा घनफूट बसतं, तूट धरून सतरा-अठरा सांगा. खाच मारल्यावर बाजूच्या फळीत मागे सव्वासहा इंच लाकूड उरतं, ते पाचच्या खाली जाऊ देऊ नका.

आणखी एक, जे बऱ्याच जणांचं चुकतं. बाजूच्या फळीचा तळ पायरीच्या जाडीइतका, म्हणजे दीड इंच, कापायचाच. नाही कापला तर खालची पायरी साडेआठ आणि वरची साडेपाच. तळाशी कडाप्प्याची पट्टी घातली म्हणजे लादी पुसायचं पाणी लाकडात चढत नाही आणि वाळवीला थेट वाट मिळत नाही, तिची जाडीही त्याच कापात धरा. वर लोखंडी अँगल आणि आरपार बोल्ट, भिंतीकडची फळी भिंतीपासून अर्धा इंच दूर, मागे ठोकळे घालून, आमच्याकडे भिंती पावसात घाम सोडतात म्हणून.

पायऱ्या ग्लू लावून, आधी भोक पाडून मगच स्क्रू, सागात सरळ स्क्रू मारला तर एकतर फळी चिरते नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं. स्क्रूला साबण चोळा.

आता कठडा, इथे फॅब्रिकेशनवाल्याशी माझं वाजलं. तो म्हणे, "साहेब, पायरीला दोन गज, सगळे तसंच करतात." १२ एमएमचा चौकोनी बार, १० इंचात दोन लावले तर मधली फट साडेचार इंच पडते, लहान मुलाचं डोकं जाऊन अडकेल एवढी. फट ४ इंचांच्या आतच हवी. म्हणून तीन, ८५ एमएमवर एक, एकूण ४५ गज. आणि ते एकाच लांबीचे कापून आणले तर घोळ, कारण हँडरेल तिरकी जाते, एकाच पायरीवरचे तीन गज एकापेक्षा एक ६० एमएमनी मोठे असतात. तीन मापं, प्रत्येकी १५, आणि कापून झाल्या झाल्या खडूने १, २, ३ लिहायला लावा.

प्रत्येक गजाच्या खाली १० एमएमची गोल पिन वेल्ड करून घेतली. पायरीत १२ एमएमचं भोक, इंचभर खोल, ड्रिलच्या बिटला चिकटपट्टीची खूण बांधून, नाहीतर आरपार जातं. गज भोकात उभे केले, ओळंबा लावला, वरून २५ बाय ६ एमएमची लोखंडी पट्टी तिरकी धरून नुसते टाके मारले, तेव्हा पायऱ्यांवर ओलं गोणपाट पसरलेलं, ठिणगीचा डाग पॉलिशखालूनही दिसतो. मग अख्खी चौकट उचलून बाहेर, पक्कं वेल्डिंग, ग्राइंडिंग, रेडऑक्साइडचे दोन हात, वर काळा रंग. दोन भागांत करा, एकसंध केली तर चार माणसं लागतात आणि दारातून वळत नाही. बसवताना पिन अ‍ॅराल्डाइटमध्ये, आणि पिनेलाही रंग लागलेला हवा, कारण ओल्या लाकडाला उघडं लोखंड लागलं की काळा डाग पसरतो, घासून जात नाही. लाकडी हँडरेल पट्टीच्या भोकांतून खालून स्क्रूने, पायरीच्या टोकापासून ३ फूट उंच.

पायऱ्यांना चकचकीत पॉलिश करू नका, मॅट पीयू (पॉलियुरेथेन) मारा, आणि काठाजवळ राउटरने, म्हणजे लाकडात चर पाडायच्या मशीनने, तीन बारीक चरे, मोज्यांवर कोणी घसरत नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर वरचे बोल्ट पाव फेरा आवळावे लागले. नववी पायरी कर्रकर्र वाजायला लागली होती, खालून पायरी आणि बाजूच्या फळीच्या सांध्यात ग्लू लावलेली सागाची पातळ पाचर हातोडीने दोनच टोले मारून बसवली, तिसरा मारला असता तर पायरी वर उचलली असती.