वाडीच्या ग्रुपवरची नोटीस आणि गावचा व्हिडिओ सगळ्यांना कळेल असा कसा करायचा

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या देवगडकडच्या वाडीच्या ग्रुपवर सूचनांवर सूचना येत होत्या, आणि सगळ्या फोटोतून. माझ्या मामांना दिसत नाही, ते टॉकबॅक लावून फोन वापरतात, म्हणजे स्क्रीनवर लिहिलेलं फोन बोलून दाखवतो. पण फोटोला तो नुसता "फोटो" म्हणायचा. होडी अजून वर ओढायची का हे विचारायला मामीला भर पावसात शेजारी जावं लागलं. तेव्हापासून मी काहीही पाठवायच्या आधी खालच्या गोष्टी करते.

पहिलं म्हणजे मजकूर टाइप करा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते त्याचं सही-शिक्क्याचं पत्र फोटोत पाठवा, हरकत नाही, पण फोटोखाली तारखा आणि मुद्दा लिहाच. जुनं स्कॅन असेल तर ते गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सने उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात, फक्त जोडाक्षरं आणि आकडे मूळ कागदाशी लावून बघा, तारीख चुकली तर सगळंच फुकट.

मग फॉन्ट. हा मुद्दा लोकांना माहीतच नसतो. डीटीपीवाल्याकडून येणारी फाइल बरेचदा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असते, डोळ्यांना मराठी दिसतं पण आत भलतीच अक्षरं असतात, त्यामुळे फोन काहीच्या काही वाचतो. त्याला सांगा, युनिकोडमध्येच करून दे, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर कुठल्याही फोनला मराठी म्हणूनच ओळखता येतं. मंगल, नोटो असे फॉन्ट चालतात.

वर्डमध्ये शीर्षक नुसतं बोल्ड करू नका, हेडिंगची स्टाइल द्या, म्हणजे ऐकणारा माणूस एका हेडिंगवरून थेट दुसऱ्यावर जातो, दहा पानं ऐकत बसावं लागत नाही. आणि पीडीएफ करताना प्रिंटमधून न जाता सेव्ह ॲज वापरा, नाहीतर ती हेडिंगं पुसली जातात. फोटोवर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे फोटोऐवजी ऐकवल्या जाणाऱ्या मजकुरात, वर्णन लिहा. "समुद्राचा फोटो" एवढ्याने काय कळणार? "जेटीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी चढलंय, दोन होड्या दोरीने बांधल्यात" असं लिहा.

नुसत्या रंगावर कधी भिस्त ठेवू नका. हवामानाच्या इशाऱ्याच्या नकाशात जिल्हा लाल केला की ऑरेंज, हे कित्येकांना वेगळं ओळखता येत नाही, म्हणून "रेड अलर्ट" हे शब्दच लिहा. पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं तर कोणालाच धड वाचता येत नाहीत. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात (कॉन्ट्रास्ट) निदान 4.5 ला 1 एवढा फरक हवा, तो मोजून देणाऱ्या फुकट साइट आहेत.

व्हिडिओला जरा वेळ द्यावा लागतो. दशावताराचा व्हिडिओ टाकलात तर ऐकू न येणाऱ्याला संवाद कळणार कसे? यूट्यूब स्टुडिओत सबटायटल्समध्ये जाऊन स्वतः टाइप करा, आणि पात्र मालवणीत बोलत असेल तर मालवणीच लिहा, पुस्तकी मराठी करू नका, त्यात त्याची सगळी मजा जाते. कोण बोलतंय ते लिहा, पखवाज वाजला, पडद्यामागून हाक आली, तेही लिहा. होमस्टेचा व्हिडिओ असेल तर तोंडाने सांगत चला: "इथे तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही, बाथरूमचा दरवाजा अरुंद आहे." व्हीलचेअरवाल्या पाहुण्याला याचीच गरज असते. लाइट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा तुकडा काढून टाका, फिट येणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

शेवटी पाठवायच्या आधी सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःचीच नोटीस ऐका. एक टॅप केला की फोन नाव वाचतो, दोनदा केला की उघडतो, स्क्रीन दोन बोटांनी सरकवायची. बंद करतानाही असंच दोनदा टॅप करायचं, हे लक्षात ठेवा, नवीन माणूस तिथेच घाबरतो.