मोठेपणी व्हायोलिन: आधी बो, मग बोटं

तिशी-चाळिशीत व्हायोलिन हाती घेणाऱ्याचा कान बहुधा तयार असतो. बेसूर लागलं की लगेच कळतं आणि मग सगळं लक्ष डाव्या हाताच्या बोटांकडे जातं. खरं काम मात्र बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, धरणाऱ्या उजव्या हाताचं आहे. पहिले तीन आठवडे तारेवर बोट ठेवूच नका, नुसत्या मोकळ्या तारा वाजवा. इथे वाचवलेला वेळ पुढे वर्षभर करकरत राहतो.

वाद्य पूर्ण मापाचं, म्हणजे 4/4 घ्या. स्वस्तातलं नवं व्हायोलिन आधी वाद्यांच्या कारागिराकडे न्या. बोटं जिच्यावर दाबतात त्या पट्टीच्या टोकाशी बारीक तार साधारण साडेतीन आणि जाड तार साडेपाच मिलिमीटर उंच असावी. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, उंच राहिली तर बोटं दुखतात आणि दाबताना स्वर चढतो.

जुळणी गुरुजी सांगतील तीच करा. सुरुवातीला जाड तारेपासून सा-प-सा-प सोपी पडते. सा पांढरी पाच (पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांतला पाचवा स्वर) धरला तर तारा 196, 294, 392 आणि 587 हर्ट्झला लागतात. पाश्चात्त्य जुळणीतल्या दोन जाड तारा तशाच राहतात, बारीक दोन एकेक स्वर उतरवायच्या. त्यामुळे तार तुटण्याची धास्ती नाही. खुंटी आत दाबत पिळा, नाहीतर सुटते. पावसाळ्यात ती फुगून अडकते, तेव्हा जोर लावू नका. तार ताणताना घोडी पट्टीकडे झुकते, म्हणून दर वेळी तिच्याकडे नजर टाका. चारही तारा एकदम कधीच ढिल्या करू नका: पोटातली उभी काठी नुसत्या दाबावर उभी असते.

बोचे केस एवढेच ताणा की मधोमध काठी आणि केसांमध्ये पेन्सिल मावेल. वाजवून झालं की ढिले करा. कोऱ्या केसांतून आवाज निघत नाही. राळेचा गुळगुळीत खडा पॉलिश पेपरने खरखरीत करून वीस-पंचवीस वेळा फिरवा. नंतर रोज तीन-चार वेळा पुरे. केसांना हात लावू नका, बोटांचं तेल लागलं की तिथली पकड जाते.

मांडी घालून बसा. व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवा, दुसरं टोक डाव्या खांद्याशी. वजन पायावर गेल्याने डावा हात मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, मोकळा राहतो. गुडघे ऐकत नसतील तर खुर्चीवर बसून, शोल्डर रेस्ट लावून, पाश्चात्त्य पद्धतीने धरा.

बो धरताना अंगठा वाकलेला हवा. तो ताठ झाला की मनगट आखडतं. घोडी आणि पट्टीचं टोक यांच्या बरोबर मध्ये, घोडीला समांतर बो ठेवा. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) 60 वर लावून चार मात्रांत पूर्ण बो खाली, चार मात्रांत वर. आरशात बघा: टोकाकडे जाताना बो तिरका होतो, कारण हात कोपरातून उघडण्याऐवजी खांद्यातून मागे जातो. आवाज करकरला तर वेगाच्या मानाने दाब जास्त आहे. शीळ घातल्यासारखा झाला तर दाब कमी. दोन तारा एकदम वाजल्या तर कोपराची उंची चुकली. चारच्या आठ मात्रा झाल्या आणि स्वर मध्येच थरथरला नाही, म्हणजे बोटं ठेवायला हरकत नाही.

मोकळी तार सा. रे पहिल्या बोटाने, ग दुसऱ्या, म तिसऱ्या. 328 मिलिमीटर लांबीच्या तारेवर खुंट्यांजवळच्या कडेपासून शुद्ध रे साधारण 36 मिलिमीटरवर, तिथून ग 29 आणि पुढे म फक्त 16 वर. ग-म जवळजवळ चिकटतात. बहुतेकांचा म इथेच चढा लागतो. हवं तर रे आणि म यांच्या जागी बारीक स्टिकर लावा, पण दोन महिन्यांत काढून टाका. डोळ्यांची सवय लागली की कान आळशी होतो.

पडताळा वाद्यातच आहे. मंद्र पंचमाच्या, म्हणजे जाडीने दुसऱ्या तारेवर तिसऱ्या बोटाने मध्य सा वाजवा. स्वर नेमका लागला तर शेजारची मोकळी सा ची तार न छेडता थरथरते, नीट पाहिलं तर दिसतेही. केसभर सरकलात की ती गप्प.

रोज वीस-पंचवीस मिनिटं तानपुऱ्यावर बसा, त्यातली निम्मी मोकळ्या तारांना द्या. बोटांची टोकं हुळहुळणारच. मनगट दुखलं किंवा मुंग्या आल्या तर थांबून अंगठ्याची पकड सैल करा. पहिला राग भूप घ्या, त्यात म-नि नाहीत. आधी एका बोत एक स्वर, मग दोन, मग चार. व्हायोलिनवादक डी. के. दातार किंवा एन. राजम यांचा विलंबित आलाप ऐकताना बो कुठे उलटतो तेवढंच ओळखायचा प्रयत्न करा.