विद्यापीठातून निघालेल्या कंपन्यांचा शेअर: पाच जणांनी बसून तो कसा तपासायचा

गेल्या दिवाळीत भाचीचा इंग्लंडहून फोन आला. "आत्या, मी लंडनच्या आयपी ग्रुप कंपनीचे ८०० शेअर घेऊन ठेवलेत. कंपनीच्या पुस्तकात एका शेअरमागची मालमत्ता बाजारभावाच्या दुपटीच्या आसपास दिसते. ठेवू का विकू?"

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. आता वरुड तालुक्यातल्या आमच्या गावी दीर आणि मी मिळून चार एकरांचा संत्र्याचा बगीचा पाहतो. दर रविवारी सांजच्याला आमच्या ओसरीवर पाच जण शेअरच्या अभ्यासाला बसतात: भाऊजी, मेडिकलवाले काका, तहसीलमधून निवृत्त झालेले एक कारकून, शेंदुरजनाघाटचा नर्सरीवाला आणि मी. भाचीच्या प्रश्नावर आमचे तीन रविवार गेले. त्यातून जी पद्धत हाती लागली ती इथे लिहिते. विद्यापीठातल्या संशोधनावर उभ्या राहिलेल्या नव्या कंपन्यांत पैसा घालणारी कोणतीही लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेली) कंपनी तपासायला ती चालेल.

आधी हा धंदा काय आहे ते सगळ्यांना नीट कळलं पाहिजे. २००० साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला नवी प्रयोगशाळा बांधायची होती. बीसन ग्रेगरी नावाच्या लंडनच्या पेढीने २ कोटी पौंड दिले. बदल्यात, पुढची १५ वर्षं त्या विभागातून ज्या कंपन्या निघतील त्यांतल्या विद्यापीठाच्या वाट्याचा अर्धा हिस्सा मिळवला. हा सौदा जमवणाऱ्यांतला डेव्हिड नॉरवुड हा बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर. आयपी ग्रुप त्यातूनच उभी राहिली आणि २००३ मध्ये शेअर बाजारात आली. तिचं सगळ्यात गाजलेलं झाड म्हणजे ऑक्सफर्ड नॅनोपोर. हेगन बेली या प्राध्यापकांच्या कामावर २००५ मध्ये लावलेलं. हातात मावेल एवढ्या यंत्रात प्रथिनाच्या बारीक छिद्रातून डीएनएचा धागा ओढून तो वाचायचा, ही त्यांची विद्या. ती कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये ४२५ पेन्सला (१०० पेन्स म्हणजे एक पौंड) बाजारात आली. म्हणजे १६ वर्षं. जंबेरीवर बांधलेली संत्र्याची कलम सहाव्या-सातव्या वर्षी धड फळ देते, तरी आपला जीव टांगणीला लागतो. हे त्याच्या दुपटीहून जास्त आहे. ज्याला तीन वर्षांत पोरीचं लग्न करायचं आहे, त्याने इथेच थांबावं.

आता बसण्याचे नियम. पहिला नियम माझ्या चुकीतून आला. काही वर्षांपूर्वी नव्याने लिस्ट झालेल्या एका कंपनीचे ६० शेअर मी पहिल्याच दिवशी घेतले आणि कुणाला सांगितलं नाही. मग दोन महिने ओसरीवर तिचं गुणगान केलं. मला वाटे मी अभ्यास मांडते आहे, पण मी माझी खरेदी राखत होते. माझं ऐकून मेडिकलवाल्या काकांनीही घेतले. भाव अर्ध्यावर आला. काका एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून बोलायच्या आधी प्रत्येक जण सांगतो: माझ्याकडे किती शेअर आहेत, कोणत्या भावाचे. ते रजिस्टरात लिहिलं जातं, मगच चर्चा.

दुसरा नियम: एक जण विरोधात बोलणार, त्याला तो शेअर मनापासून आवडत असला तरी. दर आठवड्याला माणूस बदलतो. आणि वार्षिक अहवालातल्या सर्वांत मोठ्या पाच कंपन्या एकेकाने वाटून घ्यायच्या. प्रत्येकाने आपली कंपनी काय विकते, कुणाला विकते आणि पैसा कधीपर्यंत पुरेल हे साध्या मराठीत सांगायचं. इंग्रजी अडलं तर नर्सरीवाल्याची पोरगी वाचून देते. ज्याला सांगता आलं नाही, त्याला कंपनी कळलेली नाही असं धरायचं.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं: किमती कुणी आणि कशा लावल्या ते पाहणं.

आमच्याकडे आंबिया बहाराचा बगीचा व्यापारी झाडावरच घेतो. तो फिरतो, फांद्या पाहतो, म्हणतो "इतके टन निघतील", आणि बयाणा देतो. पुढे फळगळ झाली की तोच व्यापारी भाव तोडायला बसतो. अशा कंपन्यांची एनएव्ही, म्हणजे एका शेअरमागची निव्वळ मालमत्ता, हा असाच झाडावरचा अंदाज आहे. अहवालाच्या शेवटी टिपांमध्ये त्या मालमत्तेची विभागणी दिलेली असते. 'लेव्हल १' म्हणजे लिस्टेड शेअर. त्यांना बाजाराचा रोजचा भाव असतो. 'लेव्हल ३' म्हणजे लिस्ट न झालेल्या कंपन्या. त्यांची किंमत बहुधा पैसा उभारण्याच्या शेवटच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराने काय भाव दिला त्यावरून, नाहीतर हिशेब मांडून ठरवतात. शेवटची फेरी किती महिन्यांपूर्वीची, हे प्रत्येक मोठ्या कंपनीपुढे लिहा. दीड-दोन वर्षांत बाहेरच्या कुणी नवा पैसा घातला नसेल, तर तो भाव शिळा समजा.

फेरीच्या भावातही एक खोच आहे आणि ती आम्हाला उशिरा कळली. नवा पैसा घालणाऱ्याला बऱ्याचदा "कंपनी विकली तर आधी माझे पैसे" अशी अट मिळते. समजा त्याने २ कोटी पौंड घालून २० टक्के हिस्सा घेतला. कागदावर कंपनी १० कोटींची झाली. पुढे ती ३ कोटींनाच विकली गेली. साध्या वाटणीने जुन्या भागधारकांना २ कोटी ४० लाख मिळायला हवेत. पण तो आपले २ कोटी आधी उचलतो आणि बाकी सगळ्यांसाठी १ कोटी उरतो. म्हणून आपली कंपनी कोणत्या वर्गाचे शेअर धरून आहे आणि हा फरक तिने किमतीत धरला आहे का, हे टिपांमध्ये शोधा.

मग सवलतीचं, म्हणजे बाजारभाव एनएव्हीपेक्षा किती कमी आहे त्याचं, गणित करा. उदाहरणासाठी सोपे आकडे घेते. एनएव्ही १०० पेन्स, बाजारभाव ५०. त्या १०० पैकी रोकड आणि लिस्टेड शेअर मिळून ३० पेन्स. कर्ज असेल तर ते वजा करा. इथे नाही असं धरू. म्हणजे उरलेल्या ७० पेन्सच्या कंपन्यांना बाजार फक्त २० पेन्स देतो आहे. इतक्या स्वस्तात माल मिळतो म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. बाजाराला अंदाजावर विश्वास नसेल, किंवा खर्च मालमत्ता खात असेल. कार्यालयाचा वर्षाचा खर्च एनएव्हीच्या किती टक्के, ते काढा. शिवाय वर्षाला नव्या फेऱ्यांत किती पैसा घालावा लागतो, विक्रीतून किती येतो आणि हातातली रोकड त्या हिशेबाने किती वर्षं पुरते, तेही काढा. रोकड संपली तर बहुधा दोनच वाटा: पुढच्या फेऱ्यांत पैसा न घालता आपला हिस्सा पातळ होऊ देणं, नाहीतर एनएव्हीपेक्षा कमी भावात नवे शेअर काढणं. दुसऱ्या वाटेने जुन्या भागधारकाचं थेट नुकसान होतं. याउलट सवलत असताना कंपनीने स्वतःचेच शेअर परत घेतले तर उरलेल्या प्रत्येक शेअरमागची मालमत्ता वाढते.

भाऊजी हे सगळं ऐकून म्हणाले, "वैनी, अंदाजाचं राहू द्या, काट्यावर किती भरलं थे सांगा."

तोच आमचा मुख्य निकष झाला. गेल्या पाच वर्षांच्या अहवालांतून फक्त विक्री झालेल्या कंपन्या वेगळ्या काढा. विक्रीच्या आधी पुस्तकात किंमत किती होती आणि हातात किती आले, हे शेजारी-शेजारी लिहा. कवडीमोलात गेलेल्या आणि बंद पडलेल्याही त्यात धरा, नाहीतर तक्ता खोटा ठरतो. विक्री वारंवार पुस्तकी किमतीला किंवा वर झाली असेल, तर न विकलेल्यांच्या अंदाजावर थोडा भरवसा ठेवता येतो. आणि लिस्ट होणं म्हणजे काट्यावर जाणं नव्हे. नॅनोपोर पहिल्याच दिवशी ६०० पेन्सच्या वर बंद झाली आणि २०२४ मध्ये एका टप्प्यावर १०० पेन्सच्या आसपास आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या साइन या नव्या कंपन्या वाढवणाऱ्या केंद्रात वाढलेली, ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज जून २०२३ च्या शेवटी ६७२ रुपयांना विक्रीला आली, जुलैत १,३०० च्या आसपास लिस्ट झाली आणि पुढे ६७२ च्याही खाली गेली. शेअर विकून पैसे खात्यात आले, तेवढंच वजन.

विरोधात बोलणाऱ्यासाठी दोन दाखले ठेवा. अलाइड माइंड्स हीही अशीच कंपनी, २०१४ मध्ये लंडनला लिस्ट झालेली. एप्रिल २०१७ मध्ये तिने आपल्या सात कंपन्यांचा निधी एकदम थांबवला. नर्सरीवाला म्हणाला, डिंक्या लागलेली कलम वेळेवर उपटणंही कामच आहे. पण सातही एकाच दिवशी उपटाव्या लागल्या तर आधी पाहणारा कुठे होता, हे विचारलं पाहिजे. दुसरा दाखला नील वुडफर्ड या ब्रिटिश फंड व्यवस्थापकाच्या फंडाचा. लिस्ट न झालेल्या आणि पटकन न विकणाऱ्या कंपन्यांत पुष्कळ पैसा अडकलेला असताना लोक पैसे मागायला लागले आणि जून २०१९ मध्ये फंडातून पैसे काढणं बंद झालं. म्हणून मोठे भागधारक कोण आहेत ते पाहा. एखाद्याला नाइलाजाने विकावं लागलं, तर चांगल्या कंपनीचाही भाव कोसळतो.

भारतात राहून लंडनचा शेअर घ्यायचा असेल तर थोडक्यात: परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि एप्रिल २०२५ पासून अशा गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत धरता येतो. लंडनच्या मुख्य बाजारातल्या ब्रिटिश कंपनीच्या शेअरखरेदीवर सहसा ०.५ टक्के स्टॅम्प ड्युटी लागते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायला विसरू नका, शेअर तोट्यात असला तरी. ओसरीवर आमच्यापैकी कुणीच ही उठाठेव केली नाही. भाचीचं खातं तिकडचंच आहे.

तिसऱ्या रविवारी पाच चिठ्ठ्या पडल्या: तीन "विक", दोन "ठेव". चिठ्ठी आधी लिहायची, बोलायचं नंतर. नाहीतर सगळे मास्तरणीकडे पाहून लिहितात. मग मी भाचीला आधी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: हे पैसे कधी लागणार? दोन वर्षांत घराचे पैसे भरायचे आहेत, ती म्हणाली. तिने ५०० विकले, ३०० ठेवले.

रजिस्टरात त्या ३०० साठी एक पान आहे. डावीकडे पुस्तकातली किंमत, उजवीकडे हातात आलेले पैसे. पुढचा अहवाल आला की भरायला भाऊजींनी पट्टीने आठ ओळी आखून ठेवल्या आहेत.