ला गोमेराला गाडी घेऊन जाताय? या चुका टाळा

ला गोमेरा हे कॅनरी बेटांपैकी एक, शेजारच्या तेनेरिफे बेटावरून बोटीने गाठायचं. कॅनरी बेटं स्पेनची असली तरी त्यांचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे चालतं. माद्रिदहून येताना घड्याळ मागे करायला विसरलात, तर ही चूक निदान फायद्याची, बंदरावर तासभर आधी पोचाल. पण कुठल्या बंदरावर? ला गोमेराची बोट तेनेरिफेची राजधानी सांताक्रूझहून सुटत नाही. ती दक्षिणेला लोस क्रिस्तियानोसहून सुटते. दोन्हींत ७० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. बोट जिथे पोचते ते ला गोमेराचं बंदर 'सान सेबास्तियान' नकाशात शोधतानाही 'दे ला गोमेरा' जोडा, नाहीतर थेट उत्तर स्पेनमधलं शहर समोर येईल.

भाड्याची गाडी बोटीत चढवायची परवानगी आणि दुसऱ्या बेटावर विमा चालतो का, हे आधीच लेखी घ्या. नाही म्हणाले तर पायी बोटीत बसा, पलीकडे दुसरी गाडी घ्या. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही इथूनच काढून न्या. प्रवास तासाभराचाच, पण वारा असला की बोट लागते. गोळी आणि स्वेटर गाडीत ठेवू नका. बोट चालू असताना खाली गाड्यांकडे जाऊ देत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किलोमीटर मोजणं. सान सेबास्तियान ते बेटाच्या दुसऱ्या टोकाचं व्हाये ग्रान रेय जेमतेम ५० किलोमीटर, म्हणून मीही अर्धा दिवस धरला होता. पण हे बेट मधोमध सुमारे १,४८७ मीटर उंच आणि चहूबाजूंनी दऱ्यांनी चिरलेलं. पलीकडचा माणूस दिसतो, गाठायला मात्र सगळी दरी उतरून चढावी लागते. म्हणून तर इथे शिट्ट्यांची भाषा रुजली, 'सिल्बो'. २००९ साली युनेस्कोने तिला वारसा मानलं. या बाजूला संपूर्ण दिवस द्या.

उतारावर ब्रेक दाबून धरू नका, गिअर खाली आणा. आपल्या घाटातलाच नियम. फक्त इथे गाडी उजवीकडून चालवायची आणि गिअर उजव्या हाताला. पहिला दिवसभर इंडिकेटर द्यायला जावं तर वायपर फिरतो.

पेट्रोल खालीच भरून घ्या, वर पंप मोजकेच. नळीवर 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गासोलेओ' म्हणजे डिझेल; घाईत दोन्ही सारखेच वाचले जातात. बेटाच्या मधल्या उंचावरच्या गाराहोनायच्या जंगलात भर दुपारी ढग रस्त्यावर उतरतात. तेव्हा हेडलाइट लावा, आणि फोटोसाठी वळणावर न थांबता पुढच्या मिरादोरला, म्हणजे दृश्य बघायच्या थांब्याला, गाडी लावा.