शाळा सुटल्यावर पुन्हा पुस्तक हाती घेताना

शाळा सुटून वर्षं उलटली आणि वाचन पेपरच्या मथळ्यांवर थांबलं, की अख्खं पुस्तक जड जातं. तिसऱ्या पानावर झोप येते. त्यात डोकं कमी पडलेलं नसतं. बहुतेक वेळा पुस्तकाची निवड चुकलेली असते.

पहिलं पुस्तक शंभर पानांच्या आतलं आणि मोठ्या टायपाचं घ्या. मधलं एखादं पान वाचून पाहा. पाचाहून जास्त शब्द अडले तर ते सध्या परत ठेवा. सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. गावातलं वाचनालय लहान वर्गाचं असेल तर पुस्तकं मोजकीच मिळतील. मग तालुक्याच्या वाचनालयात अनामत भरून सभासद व्हा, बाजाराच्या दिवशी पुस्तक बदलून आणता येतं. बालभारतीची मराठीची पाठ्यपुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. सहावी-सातवीचे धडे मोठ्यांनी वाचण्यात काहीही कमीपणा नाही.

आपल्या वऱ्हाडातली खरी अडचण वेगळीच आहे. घरात ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राहिलो’; पुस्तकात ‘मला’, ‘तुला’, ‘जात आहे’. कानाला घरची बोली सवयीची, म्हणून डोळा छापील रूपावर अडखळतो. यावर मोठ्यानं वाचणं हाच चांगला उपाय: पहिले पंधरा दिवस रोज दहा मिनिटं. ज्या घरात ग्रामगीता वाचतात, तिथं ही सवय आयतीच असते. पण ओव्या चालीवर म्हणताना अर्थ निसटतो. म्हणून चार-पाच ओव्या झाल्या की थांबा आणि त्यांचा अर्थ आपल्या वऱ्हाडीत सांगा. सांगता आला नाही तर तेवढ्याच ओव्या पुन्हा, या वेळी चाल न लावता. 41 अध्याय संपवायची घाई नको.

लांब वाक्यांचं कोडं क्रियापदात असतं. मराठीत ते शेवटी येतं, आणि ‘ज्या शेतकऱ्यांनी…’ पासून ‘त्यांच्या खात्यात…’ पर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरते. स्वल्पविरामाशी क्षणभर थांबा, शेवटचं क्रियापद गाठा, मग वाक्य एकदाच पुन्हा वाचा. दर दोन शब्दांनी मागं वळायची खोड असेल तर वाचून झालेल्या ओळींवर जाड कागद ठेवत खाली सरका. बरेच जण तो ओळीखाली ठेवतात. त्यानं पुढचे शब्द झाकले जातात आणि वेग आणखी मंदावतो.

सगळंच एका चालीनं वाचायचं नसतं. कीटकनाशकाच्या डब्यावरचं माहितीपत्रक बोट ठेवून, प्रमाणाचे आकडे दोनदा वाचायचे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर तरी यात हयगय नको. कथेत मात्र एखादा शब्द कळला नाही तर सोडून पुढं जा. तो पुढच्या प्रसंगातून उलगडतो. प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडला की गोडी जाते. पानामागं फार तर दोन शब्द वहीत टिपा, अर्थ नंतर बघा.

सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना तासभर वाचायचा नेम टिकत नाही. तेव्हा जेवणाआधीची दहा मिनिटं पुरेत. जाड पुस्तक उन्हाळ्यासाठी राखून ठेवा, दुपारी बारा ते चार बाहेर निघवत नाही तेव्हा. तीस पानं वाचूनही मन लागलं नाही तर ते परत करा आणि दुसरं आणा.